वर्गखोली आणि विद्यार्थी : खानदेश-सातपुड्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

कोणत्याही गावाच्या शिक्षणाचा इतिहास लिहावयास घेतला की पहिली पाने ठरलेली असतात. शाळा केव्हा स्थापन झाली, जागा कोणी दिली, इमारत कोणाच्या देणगीतून उभी राहिली, पहिले मुख्याध्यापक कोण, पहिल्या वर्षी पटावर किती मुले होती, या नोंदी आवर्जून केल्या जातात आणि त्या योग्यच आहेत. मात्र त्या इमारतीच्या आत काय घडत होते, याची नोंद क्वचितच आढळते. मूल कशावर बसत होते, उजेड कोणत्या बाजूने येत होता, गुरुजी कोणत्या भाषेत बोलत होते, उत्तर चुकले तर मुलाच्या वाट्याला काय येत होते, हे इतिहासाच्या पानावर सहसा उतरत नाही. वास्तविक मूल शाळेत रमले की शाळा सोडून गेले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच बारीकसारीक तपशिलांत दडलेले असते.

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. दिनांक 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 69 टक्के होते, तर साक्षरतेचे प्रमाण 64.4 टक्के होते. त्याच वेळी महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण 82.3 टक्के होते आणि राज्यात नंदुरबारचा क्रमांक सर्वांत शेवटचा होता. या अंतराची कारणे सांगताना दारिद्र्य, दुर्गम वस्त्या, रस्त्यांचा अभाव व हंगामी स्थलांतर यांचा उल्लेख होतो आणि ती कारणे खरीच आहेत. तथापि शाळा गावात पोहोचली, मुलाचे नाव पटावर चढले आणि तरीही मूल शिकले नाही, असे जेथे घडले तेथे वर्गखोलीच्या आत डोकावल्यावाचून उत्तर मिळत नाही.

पंतोजींची ओसरी

इंग्रजी अंमलापूर्वी व त्यानंतरही बराच काळ महाराष्ट्रातील शिक्षण पंतोजींच्या शाळेत चालत असे. अशा शाळेला स्वतःची इमारत नसे. देवळाचा ओटा, एखाद्या सधन गृहस्थाची ओसरी किंवा पंतोजींचे स्वतःचे घर हीच शाळा. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी वळणाचा सराव करायचा आणि सायंकाळी एका सुरात उजळणी म्हणायची, असा तेथील क्रम होता. पावकी, निमकी, दिडकी, औटकी ही कोष्टके पाठ झाली की व्यापाऱ्याचा मुलगा पेढीवर बसण्यास सिद्ध होई. शिक्षा मात्र कठोर असत आणि छडीवाचून विद्या येत नाही, अशी सर्वांचीच समजूत होती.

या ओसरीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथे येणाऱ्या मुलास जे शिकविले जाई ते त्याच्या घरात, दुकानात व बाजारात रोज कानी पडत असे. ओसरी परिचयाची, शेजारचे मूल परिचयाचे आणि हिशेबाचा उपयोगही डोळ्यांसमोर. म्हणून इमारत नसतानाही शिक्षण होत होते. परंतु ही ओसरी सर्वांची नव्हती. मुलींना तेथे स्थान नव्हते, अस्पृश्य मानलेल्यांना नव्हते आणि सातपुड्यातील भिल्ल-पावरा मुलांपर्यंत तर ती पोहोचलीच नाही. अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात काठीसारखी मेहवासी संस्थाने होती. तेथील पाड्यांचा लिहिण्यावाचण्याशी संबंध येई तो प्रामुख्याने सावकाराच्या वहीपुरता व सरकारी कागदापुरता.

महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात या उणिवेवर नेमके बोट ठेवले होते. प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील व प्रशिक्षित असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. शाळेच्या वातावरणाचा पहिला घटक शिक्षक हाच आहे आणि तो मुलाला परका वाटता कामा नये, हा विचार इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्यांत जोतीरावांचे स्थान अग्रभागी आहे.

अमळनेरचे छात्रालय

खानदेशापुरते पाहिले तर या विचाराचे सर्वांत हृद्य उदाहरण अमळनेर येथे घडले. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, 1924 साली तेथील शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आली. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून प्रथमच दूर राहणारी मुले तेथे होती. खोल्या अस्ताव्यस्त, अंथरुणे पसरलेली, कंदिलाच्या काचा काळवंडलेल्या, असे कोणत्याही वसतिगृहात दिसणारे दृश्य तेथेही होते.

गुरुजींनी यावर नियमांचा फलक लावला नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत. काही दिवसांतच मुले ओशाळली आणि ही कामे आपली आपण करू लागली. छात्रालयातील मुलांसाठी गुरुजींनी हस्तलिखित दैनिक चालविले व पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. 1930 साली सत्याग्रहात भाग घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. अवघ्या सहा वर्षांचा हा काळ, परंतु त्याचा ठसा विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांवर राहिला. स्वच्छ खोली, वाचावयास काहीतरी आणि आपली काळजी करणारे एक माणूस, या तीन गोष्टींनी अमळनेरच्या छात्रालयाचे घर झाले. यात द्रव्याचा खर्च फारसा नव्हता, हे विसरता कामा नये.

साताऱ्याचा वटवृक्ष

त्याच सुमारास दक्षिण महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग आकारास येत होता. कुंभोज येथे जैन कुटुंबात 1887 साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवतील, एका छताखाली राहतील व आपली कामे आपण करतील, हा तेथील दंडक होता. त्या काळी अनेक वसतिगृहे जातिनिहाय चालत असता ही गोष्ट सोपी नव्हती.

भाऊरावांची दृष्टी अशी की, ज्या मुलाला पंक्तीत वेगळे बसविले जाते ते मूल वर्गात शेजारी बसूनही वेगळेच राहते. जेवणाच्या पानावर मिळालेली समता वर्गातील बाकावर आत्मविश्वासाच्या रूपाने उमटते. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचे ब्रीद आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह. अंगमेहनतीने आपल्या शिक्षणाचा खर्च भागविणाऱ्या मुलास शाळा ही कोणाची मेहेरबानी वाटत नाही, ती त्याची स्वतःची होते. ‘ही जागा माझी आहे’ ही भावना शिक्षणाचा पाया आहे, हे सूत्र येथे प्रथमच संस्थेच्या रूपाने उभे राहिले.

कोसबाडची टेकडी

आदिवासी मुलांच्या बाबतीत मात्र एक पाऊल आणखी पुढे टाकावे लागणार होते. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केले होते. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोममध्ये मुलांच्या उंचीची टेबले, त्यांच्या हातास पोहोचतील अशी कपाटे व मोकळी हालचाल यांवर आधारलेले बालगृह उघडले होते. तो विचार गिजुभाईंनी आपल्या मातीत रुजविला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि 1950 च्या दशकात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले.

तेथील वारली मुले शाळेत येत ना. शाळा होती, शिक्षिका होत्या, परंतु मुले गुरांमागे रानात होती किंवा धाकट्या भावंडास कडेवर घेऊन घरी होती. तेव्हा या दोघींनी प्रश्नच उलटा केला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे का जाऊ नये? त्यातून पाड्यावरच्या अंगणात भरणारी अंगणवाडी आली, गुरे चरतात त्या कुरणात भरणारी कुरणशाळा आली. महागड्या विलायती साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने व खडे आले. भावंडास सांभाळणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. 1975 साली केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव लाभले. आज देशभर रूढ असलेला हा शब्द एका वर्गखोलीच्या फेरविचारातून जन्मला आहे.

भाषेचा उंबरठा

या पार्श्वभूमीवर पुन्हा नंदुरबारकडे वळू. नंदुरबार हे सीमेवरचे, व्यापाराचे गाव. येथील घराघरांत गुजराती, मारवाडी, अहिराणी, मराठी अशा अनेक भाषा नांदल्या. 9 सप्टेंबर 1942 रोजी बालवीर शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार सहकारी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या मिरवणुकीतील घोषणा गुजरातीत होत्या, ही आठवण आजही या गावात सांगितली जाते. घरी एक भाषा व शाळेत दुसरी, हा अनुभव येथील व्यापारी कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या आहे. मात्र त्यांच्या मुलांना मराठी शाळेत जाण्यापूर्वीच दुकानाच्या गादीवर भेटलेली असे. गिऱ्हाईक मराठी व अहिराणी बोले, मूल ऐकत असे आणि पहिलीच्या वर्गात पाऊल टाकताना भाषेचा उंबरठा त्याने अर्धा ओलांडलेला असे.

अक्राणी महालातील पावरा मुलाची किंवा अक्कलकुव्यातील भिल्ल मुलाची स्थिती निराळी होती. त्याच्या पाड्यावर पावरी किंवा भिलोरी बोलली जाई, नवापूरकडे मावची वा कोकणी. मराठी त्यास भेटे ती एकदम वर्गातच, पुस्तकाच्या व अपरिचित शिक्षकाच्या मुखातून. शिक्षकाने विचारलेला प्रश्नच त्यास कळत नसे. मग ते गप्प बसे आणि ते गप्प बसणे म्हणजे मंदपणा, असा शिक्का त्याच्यावर बसे. पाड्यातून शाळेत येताना त्याच्यापाशी झाडांची नावे होती, गुरांची पारख होती, गाणी होती, कथा होत्या. वर्गात मात्र त्यांपैकी काहीच खपत नव्हते.

पाडे डोंगरउतारावर विखुरलेले असल्याने प्रत्येक ठिकाणी शाळा काढणे कठीण होते. त्यावरचा उपाय म्हणून निवासी आश्रमशाळा उभ्या राहिल्या आणि 1970 च्या दशकापासून शासनाने त्यांचा मोठा विस्तार केला. या आश्रमशाळांमुळे हजारो मुलांना दोन वेळचे जेवण व शिक्षणाची वाट मिळाली. जिल्ह्यातील अनेक आदिवासी शिक्षक, परिचारिका व कर्मचारी याच शाळांतून घडले. तथापि अनेक ठिकाणी दिवसा जो वर्ग तीच रात्री झोपण्याची खोली, असा प्रकार राहिला. पत्र्याची पेटी उशाला, वही पोटाशी आणि त्याच फरशीवर सकाळी पाढे. ज्या खोलीत मूल आजारी पडते, रडते व घरच्या आठवणीने जागे राहते, त्याच खोलीत सकाळी त्याने उल्हसित मनाने शिकावे, ही अपेक्षा जड होती. होळीसाठी वा शेतीच्या कामासाठी घरी गेलेले मूल परत येत नसे, याचे एक कारण या खोलीतही होते.

नर्मदाकाठच्या जीवनशाळा

सरदार सरोवर प्रकल्पामुळे नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठची 33 गावे बाधित झाली. त्या गावांत 1990 च्या दशकाच्या आरंभी, नर्मदा बचाव आंदोलनाच्या काळात, ‘जीवनशाळा’ सुरू झाल्या. चिमलखेडी, निमगव्हाण, मणिबेली, डनेल ही त्यांपैकी काही गावे. धरणासंबंधी लोकांची मते भिन्न असू शकतात, परंतु शिक्षणाच्या इतिहासात या शाळांची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

गावकऱ्यांनी लाकूड व बांबू आणून, श्रमदानाने शाळा उभारल्या. पाड्यातीलच शिकलेले तरुण शिक्षक झाले. आरंभीचे शिक्षण पावरी व भिलोरी बोलीत आणि तेथून हळूहळू मराठीकडे, असा क्रम ठेवला गेला. रानातील झाडे, वनौषधी, नदी, लोककथा व गाणी यांना अभ्यासात स्थान मिळाले आणि त्याचबरोबर चौथीच्या परीक्षेसाठी लागणारा शासकीय अभ्यासक्रमही शिकविला गेला. पुढे जलाशयाचे पाणी चढत गेले तशी काही शाळांची जागा बुडाली. तेव्हा शाळेचे साहित्य उचलून वरच्या उतारावर पुन्हा नवी शाळा बांधली गेली. एरवी शाळेची भिंत पडली की गावकरी अर्ज लिहून वाट पाहतात. येथे शाळा आपली असल्याने ती पुन्हा उभारण्यास कोणी अर्ज केला नाही.

या शाळांच्या मर्यादाही होत्या. निधी अपुरा, शिक्षक कमी, पुढील शिक्षणासाठी मुलांना दूरच जावे लागे. परंतु ज्या घरांत आजवर कोणी पाटी धरली नव्हती त्या घरांतील मुले येथे शिकली आणि त्यांतील काही पुढे उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली. विटा-सिमेंटची इमारत नसतानाही हे घडले, कारण पहिल्या दिवशी मुलाने तोंड उघडले तेव्हा त्याचे बोलणे समजणारे कोणीतरी समोर होते.

मोजमापाची साक्ष

जुन्या शिक्षकांनी अनुभवाने जे जाणले त्यास अलीकडे मोजमापाचा आधार मिळाला आहे. इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 27 प्राथमिक शाळांतील 153 वर्गखोल्या व 3,766 मुले यांचा अभ्यास करून 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्या वर्षभरातील प्रगतीत जो फरक पडतो त्यापैकी सुमारे 16 टक्के फरकाचा संबंध वर्गखोलीच्या भौतिक स्वरूपाशी लावता येतो, असे त्यांना आढळले. नैसर्गिक उजेड, खेळती हवा व योग्य तापमान यांचा वाटा मोठा होताच. त्याबरोबरच खोली मुलांना आपली वाटते की नाही, हाही एक स्वतंत्र घटक ठरला. तसेच भिंती अगदी कोऱ्या असणे जसे हितकारक नाही, तसेच त्या चित्रांनी व तक्त्यांनी गच्च भरून टाकणेही हितकारक नाही, असे दिसून आले.

अमेरिकेतील सुमारे 1 कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षांवर आधारित एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. शाळेत वातानुकूलन नसेल तर 1 अंश फॅरनहाइटने अधिक उष्ण गेलेल्या वर्षात विद्यार्थ्यांचे त्या वर्षीचे शिक्षण सुमारे 1 टक्क्याने घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. तापी खोऱ्यातील मार्च-एप्रिलचे ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना पत्र्याच्या छपराखालील वर्गात दुपारी दोन वाजता काय होत असेल हे निराळे सांगावयास नको. छपराखाली लाकडी वा बांबूचे आढे, समोरासमोर खिडक्या, भिंतीला सावली देणारा कडुनिंब आणि पिण्याच्या पाण्याचा माठ, हे उपाय आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते व ते आजही परवडणारे आहेत.

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे व पिण्याचे पाणी बंधनकारक केले. शारीरिक शिक्षा व मानसिक छळास मनाई केली. मूल भय व दडपण यांपासून मुक्त असावे आणि शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून व्हावे, हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी फरशीवर आखलेली चौकटी, मण्यांच्या माळा व गटागटाने बसणारी मुले यांतून ज्ञानरचनावादी वर्ग उभा केला. राज्यभरातील शिक्षक तो पाहावयास गेले. 2015 साली शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम हाती घेतला तेव्हा हे वर्ग अनेकांसमोर आदर्श म्हणून होते. मात्र जेथे केवळ रंग फासला गेला व शिकविण्याची रीत तीच राहिली, तेथे भिंती बोलक्या झाल्या आणि मुले मुकीच राहिली, हेही नमूद केले पाहिजे.

दात्यांपुढील विचार

खानदेशातील शाळांच्या इतिहासात व्यापारी समाजाच्या दातृत्वाचा वाटा मोठा आहे. अमळनेरच्या शाळेस प्रताप शेठजींचे नाव आहे ते याच कारणाने. गावोगावी वर्गखोल्यांच्या दर्शनी भागावर संगमरवरी पाट्या दिसतात. विद्यादान हे श्रेष्ठ दान मानणाऱ्या समाजाची ती साक्ष आहे. परंतु वरील इतिहास एवढे निश्चित सांगतो की, खोली बांधून दिली म्हणजे विद्यादान पूर्ण होत नाही. त्या खोलीत उजेड फळ्यावर कोठून पडतो, वैशाखात तिचे छप्पर किती तापते, निवासी शाळा असेल तर मुलांना झोपण्यास वेगळी जागा आहे काय, त्यांच्या बोलीतली चार गोष्टींची पुस्तके कपाटात आहेत काय आणि ते कपाट उघडे असते काय, मुलाची बोली जाणणारे एक तरी माणूस शाळेत आहे काय, हे प्रश्न देणगीच्या पावतीबरोबरच विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळविण्यास पैसा थोडा लागतो. अधिक लागते ते वर्षातून दोनदा त्या खोलीत जाऊन मुलांशेजारी अर्धा तास बसणे.

पंतोजींची ओसरी, अमळनेरची खोली, साताऱ्याची पंक्त, कोसबाडचे कुरण आणि नर्मदाकाठची बांबूची शाळा, यांची बांधणी एकमेकींहून अगदी वेगळी होती. जेथे मुलाला आपलेपणा लाभला तेथे साध्या छपराखालीही विद्या फुलली आणि जेथे तो लाभला नाही तेथे पक्क्या इमारतीतील बाके रिकामी राहिली. नंदुरबार जिल्ह्यात आज शाळांच्या इमारती पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. त्या इमारतींतील प्रत्येक मुलास ‘ही खोली माझी आहे’ असे वाटावे, हे कार्य मात्र अद्याप पुरे झालेले नाही. येत्या पन्नास वर्षांत समाजाच्या दातृत्वास यापेक्षा योग्य दिशा क्वचितच लाभेल.